सरळ मानेचे फोटो

सरळमामांच्या स्टुडिओत पाऊल टाकलं की माणूस आपसूक ताठ व्हायचा. अजून स्टुलावर बसायचंय, दिवे लागायचेत, मामा आतल्या खोलीत हात पुसताहेत, तरी येणारा कॉलर सारखी करून, पोट आत घेऊन उभा. मामांच्या वडिलांनी हे दुकान थाटलं तेव्हा एक शिस्त घालून दिली होती, की आपल्या दारातून वाकड्या मानेचा फोटो बाहेर जाणार नाही. वडील गेले, फिल्म गेली, डार्करूमची अडगळीची खोली झाली, शिस्त तेवढी टिकली. मामा कॅमेऱ्यामागून पुढे येत, दोन बोटं समोरच्याच्या हनुवटीखाली टेकवत, दुसऱ्या हाताचा तळवा कानशिलाला लावत आणि बरणीचं झाकण बसवावं तसं डोकं जागेवर बसवत. "मान सरळ. हं, अशी. आता हलायचं नाही." शाळकरी पोरांनी या वाक्यावरून त्यांचं सरळमामा करून टाकलं. पुढे त्या पोरांची पोरं फोटोला येऊ लागली, तीही मामाच म्हणत. खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं आणि तिथंच राहिलं. ते मामा झाले म्हणून बायको मामी झाली. त्यात तिला कुणी विचारलं नाही.

मामींचं राज्य मागच्या खोलीत. तिथं फ्रेमा तयार होत. फोटोभोवती बसणारे जाड पुठ्ठ्याचे माउंट कापायचे, काच पुसायची, पाठीमागे बारीक चुका ठोकायच्या. पोलादी पट्टी पुठ्ठ्यावर दाबून कटर एका दमात ओढायचा. मध्ये श्वास घेतला तरी कड दातरते, असं मामी म्हणत. त्यांनी कापलेल्या कडेवर कुणाला बोट ठेवता येत नसे. नवरा पुढे, बायको मागे, मधे एक पडदा आणि त्या पडद्यातून दिवसभर चाललेलं बोलणं, असा तो संसार होता. आवाज अखंड ऐकू येई, तोंड मात्र जेवायच्या वेळी दिसे, तेही ताटाकडे वळलेलं.

कुरबुर सुरू झाली ती त्या पट्टीवरून.

"अहो, पट्ट्या दोन दिसताहेत," पडद्यामागून आवाज आला. "एकीवर एक."

"चष्मा पूस."

"पुसला. आता दोन स्वच्छ दिसताहेत."

मामा पडदा सारून आत गेले. टेबलावर बिघडलेले पुठ्ठे पडले होते. सगळ्यांची कड निम्म्यावर येऊन घसरलेली. मामी एक डोळा मिटून पट्टीकडे बघत होत्या.

"आणि मी?" मामांनी विचारलं.

मामींनी दोन्ही डोळे उघडले. "तुम्हीही दोन. एकाचं करता करता कंबर मोडली, हा दुसरा कुठून आणलात?"

दोघंही हसले. या घरात दुखण्याला आधी थट्टेतून जावं लागे. तिथून तग धरून पुढे आलं, तरच त्याला डॉक्टर मिळे. हे दुखणं तग धरून आलं. थोड्याच दिवसांत मामी घराच्या जिन्यात, मधल्या वळणाशी, कठडा धरून खाली बसल्या. पडल्या नव्हत्या, पण चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

"भोवळ नाही हो," त्या म्हणाल्या. "घर आपलं जागेवर आहे. पायरी मात्र दोनदा दिसते, आणि पाय नेमका नसलेल्या पायरीवर पडतो."

मामांच्या लेखी तोल जाणं म्हणजे कान. एका जुन्या गिऱ्हाइकाचं तसं झालं होतं आणि त्याची साग्रसंगीत हकीकत त्यांनी ऐकली होती. म्हणून आधी कानाच्या डॉक्टरांकडे वारी झाली. तिथं मामींना एका लहानशा बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. मामी बटण दाबतच राहिल्या. तपासणारी मुलगी शेवटी दार उघडून म्हणाली, "काकू, या वयात इतकं बारीक ऐकू येणारे फार थोडे असतात."

"पडद्यामागे बसून यांची आणि गिऱ्हाइकांची हुज्जत ऐकते ना. सराव आहे."

कानाच्या आतला, तोल सांभाळणारा भागही तपासून झाला. तोही चोख निघाला. डॉक्टर म्हणाले, "कानाचं काही नाही. आता मेंदूविकाराच्या बाईंना दाखवा." मामांना यावर काही थट्टा सुचली नाही, आणि त्यांना ती सुचत नाही हे मामींच्या लक्षात आलं.

मेंदूविकाराच्या डॉक्टरबाईंच्या दारावर पाटी होती: डोळ्यांच्या हालचाली, नजर, ऐकणं आणि तोल. आतली खोली लांबट होती. जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक रंगीत पट्टा चिकटवलेला, समोर अक्षरांचा तक्ता, खिडकीला जाड पडदा, कोपऱ्यात हलवता येणारा दिवा आणि मधोमध स्टूल. मामांना ती खोली ओळखीची वाटली. कॅमेरा तेवढा नव्हता.

"बाई, एवढी चार खाती एकाच दारामागे?" त्यांनी विचारलं. घाबरले की ते बोलत.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या आसपासच्या होत्या. आखूड केस, हातात कायम एक पेन, कसलीही घाई नाही. "ती चारही खाती एकमेकांना सतत एकच विचारत असतात," त्या म्हणाल्या. "डोकं आत्ता कुठं आहे? डोळे एक सांगतात, कान एक सांगतात, मान आणि पाय एक सांगतात. सगळ्यांचं जुळलं की आपल्याला जग स्थिर वाटतं. एकानं चुकीची बातमी दिली की बाकीचे गोंधळतात. म्हणून तक्रार कुणाचीही असली तरी जबान्या सगळ्यांच्या घ्यायच्या."

मग जबान्या सुरू झाल्या. मामींना पट्ट्यावरून टाच पुढच्या पावलाच्या बोटांना लावत चालायला सांगितलं. डोकं धरून अचानक डावीकडे, उजवीकडे वळवलं आणि त्या वेळी डोळे डॉक्टरबाईंच्या नाकावरून हलतात का ते पाहिलं. कानामागे थरथरणारा लोखंडी चिमटा टेकवला. मग पेन वर, खाली, कडेला, तिरकं फिरलं.

"एक डोळा झाका. किती पेनं?"

"एक."

"आता दुसरा झाका."

"एकच."

"दोन्ही उघडे?"

"दोन. आणि खाली नेलंत की आणखी लांब जातात."

"चांगलं झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणजे डोळे आपापल्या जागी ठीक आहेत, त्यांची जोडी बिघडली आहे." त्यांनी मामींचं डोकं हलकेच उजव्या खांद्याकडे झुकवलं. मामी एकदम म्हणाल्या, "अगं बाई, फारच लांब गेली." डोकं डाव्या खांद्याकडे झुकवलं, तर पेन एक झालं. डॉक्टरबाईंनी मान हलवली, जणू हव्या त्या पत्त्यावर घर सापडलं. मग प्रश्न आले, एकामागून एक, सगळे एकाच सुरात. साखर आहे का? रक्तदाब? हल्ली डोक्याला मार? डोकेदुखी? ही मान अशी डावीकडे झुकवून बसायची सवय आधीपासूनची?

मामांनी वळून बायकोकडे पाहिलं. खरंच, मान डावीकडे झुकली होती. थोडीच, पण झुकली होती.

"नाही नाही," ते म्हणाले. "आधी असं नव्हतं. हिची मान सरळ असते."

"मला माझी मान कुठं दिसते?" मामी म्हणाल्या. "हे म्हणतात तर असेल."

डॉक्टरबाईंनी समोरच्या कागदावर डोळा काढून दाखवला. डोळ्याला हलवणारे सहा स्नायू असतात, दोरांसारखे. मामींच्या उजव्या डोळ्याचा एक दोर ढिला होता. डोळा खाली ओढायच्या कामात तो लागतो, म्हणून जिना उतरताना आणि पुठ्ठा कापताना त्रास. "आता प्रश्न एवढाच आहे," त्या म्हणाल्या, "की हा ढिला कधीपासून आहे. पुष्कळ लोकांचा जन्मापासून असतो. लहानपणापासून डोळे सांभाळून घेतात आणि वय झालं की थकतात. तसं असेल तर चष्म्यात एक वेगळी काच बसवू, संपलं. पण हल्ली ढिला झाला असेल, तर त्याची नस कुठंतरी दुखावली आहे किंवा दबते आहे. मेंदूत गाठ असू शकते. ते शोधायला हवं." त्यांनी कागद बाजूला सारला. "पुढच्या वेळी जुने फोटो घेऊन या. वेगवेगळ्या वयांतले. का ते तेव्हा सांगते. आत्ता सांगितलं तर तुम्ही निवडून आणाल."

मामी हसल्या. "फोटो? आमच्या घरात दुसरं आहे काय?"

मामांनी निवडूनच आणले. कारण माहीत नव्हतं, पण आपल्या हातचं काम परक्या माणसाला दाखवायचं म्हटल्यावर ते आणखी काय करणार? तिच्या कॉलेजच्या ओळखपत्राचा, लग्नानंतरचा, लेकीला मांडीवर घेतलेला, लेकीच्या शेजारी उभी असतानाचा. प्रत्येकाचा उजेड मऊ, कड नेमकी. डॉक्टरबाईंनी ते टेबलावर ओळीनं मांडले आणि भिंग घेऊन पाहिले. पाहता पाहता त्यांचा चेहरा गंभीर होत गेला.

"हे सगळे स्टुडिओतले आहेत. घरात सहज काढलेले?"

"आमच्याकडे सहज काढत नाहीत," मामा म्हणाले. "आणि फोन दिसला की ही स्वयंपाकघरात पळते. हे सगळे मीच काढलेत. पहिला वडिलांनी."

"चांगले आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मला मान बघायची होती. जन्माचा दोष असला की माणूस दोन प्रतिमा जुळवण्यासाठी लहानपणापासून मान झुकवतो, आणि जुन्या फोटोंत ती झुकलेली सापडते. यांच्या एकाही फोटोत जराही कल नाही. स्टुडिओतल्या फोटोंवर मी पूर्ण भरवसा ठेवत नाही. पण तुम्हीही म्हणता आधी मान सरळ होती." त्यांनी फोटो गोळा करून परत दिले. "म्हणजे हे नवीन आहे असं धरून चालू. मेंदूचा स्कॅन करून घेऊ."

स्कॅनची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली. मामांना 'नवीन' हा शब्द आयुष्यात कधी इतका वाईट वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामींनी त्यांना मागच्या खोलीत बोलावलं आणि हातात कटर दिला.

"हे कशाला?"

"शिका. पट्टी इथं धरायची. अंगठा मागे घ्या, अंगठा! बोट कापून घ्याल आणि मलाच पट्टी बांधायला लावाल."

मामांनी कटर ओढला. कड आली ती उंदरानं कुरतडल्यासारखी.

"छान," मामी म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला सांगा, नक्षी आहे."

"तू आहेस ना कापायला."

"तुम्हाला यायला हवं एवढं." त्यांनी नवा पुठ्ठा पुढे सरकवला. "श्वास सोडू नका. ओढा."

मामांनी ओढला. डिंकाचा डबा कुठं, काचवाल्याचा नंबर कुठं, कुठली फ्रेम उधारीवर द्यायची नाही, असं एकेक मामी सहज म्हणून सांगत गेल्या, आणि मामाही सहज म्हणून ऐकत गेले. का सांगताय आणि का ऐकताय, हे कुणी काढलं नाही. दिवसभर बोलणाऱ्या त्या पडद्यातून त्या आठवड्यात फक्त अंगठा, पट्टी, डिंक एवढेच शब्द ये-जा करत होते.

स्कॅनच्या आदल्या दिवशी एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलीला परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो हवा होता. मामांनी दिवे लावले, मुलगी स्टुलावर बसली, मामांची दोन बोटं सवयीनं तिच्या हनुवटीखाली गेली. मान हलकी होती, लावाल तिथं राहणारी. "मान सरळ," मामा म्हणाले. "हं, अशी. आता हलायचं..."

वाक्य तिथंच अडलं. बोटांना दुसरीच हनुवटी आठवत होती. माणसांच्या माना सारख्या नसतात, हे हजारो डोकी जागेवर बसवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. काही माना ओल्या मातीसारख्या असतात, काही अडेल असतात. आणि एक मान अशी होती, की तिच्यात जणू स्प्रिंग बसवली होती. सरळ करून कॅमेऱ्यापाशी पोचेपर्यंत ती परत आपल्या जागी. ओळखपत्राच्या फोटोला आलेली ती मुलगी त्यांना आठवली. कॅमेरा वडिलांकडे होता, मान बसवायचं काम यांच्याकडे. पुन्हा पुन्हा पुढे जाऊन हनुवटी सरळ करावी लागली होती, आणि शेवटी शेवटी हनुवटी सरळ करायला जायला त्यांना फारसं वाईटही वाटत नव्हतं. वडील चिडले होते. "मुलगी चांगली आहे, पण मान जागेवर राहत नाही," असं ते ती गेल्यावर म्हणाले होते.

"मामा, हसू का?" स्टुलावरच्या मुलीनं विचारलं.

"बाळ, जरा थांब. आलोच."

पडदा सारून ते आत गेले. मामी पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं खुणा करत होत्या, मान डावीकडे. मामा बघत उभे राहिले. इतकी वर्षं ज्या बाईबरोबर काढली, तिची मान पूर्वी कशी असायची, हे त्यांना काही केल्या सांगता येईना. मनात तिचा चेहरा आणावा, तर तो चौकटीतला येई, मऊ उजेडातला, सरळ मानेचा. तिच्याकडे बघायचं काम त्यांनी केव्हाच फोटोंवर सोपवून टाकलं होतं.

"गिऱ्हाईक सोडून इथं काय पुतळा झालाय?"

"अगं, फोटो काढताना मी तुझी मान सरळ करायचो?"

"करायचो काय, दर वेळी करता! पहिल्या वेळी तर मामंजी ओरडत होते आणि तुम्ही सरळ करत होता. मानेला रग लागायची."

"मग तू डॉक्टरबाईंना बोलली का नाहीस?"

"त्या फोटोंबद्दल विचारत होत्या. मला कुणी काही विचारलं?" मामींची पेन्सिल थांबली. दोघांच्या लक्षात एकदमच आलं, मान आधीपासून वाकडी असेल, तर दुखणंही जुनंच. मामी हळूच म्हणाल्या, "पण अहो, सरळ तर तुम्ही सगळ्यांचीच करता. माझी खरंच वाकडी होती, की तुम्हाला आता तशी हवी आहे म्हणून आठवतेय?"

मामांनी परगावी असलेल्या लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "आईची मान? वाकडी असते की. म्हणजे... बाबा, तुम्ही विचारल्यावर मला तसंच दिसायला लागलंय. शपथेवर नाही सांगता येणार." बाहेर थांबलेल्या मुलीचा फोटो काढून मामांनी दुकान बंद केलं. काढलेला बरा आला असावा, कारण तक्रार आली नाही. पण तो कसा काढला हे त्यांना नंतर आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्कॅनच्या वेळेआधीच ते डॉक्टरबाईंच्या दारात हजर झाले.

"बाई, त्या फोटोंवर जाऊ नका," मामा आत शिरता शिरताच म्हणाले. "त्यातली एकही मान तिची नाही. सगळ्या मी बसवलेल्या आहेत." मग सगळं सांगितलं, वडिलांच्या शिस्तीपासून. तिच्या मानेतली ती स्प्रिंगसुद्धा. आणि आणखी एक गोष्ट, जी रात्री अंथरुणात आठवली होती: हिच्या फोटोत दिव्याचा पांढरा ठिपका दोन डोळ्यांत एका पातळीवर बसायचा नाही. तिच्या उजव्या डोळ्यातला जरासा खाली असायचा. टचिंग करताना बारीक ब्रशनं ते तो जागेवर आणायचे.

डॉक्टरबाई डोळे मोठे करून ऐकत होत्या. "मामा, तो ठिपका ठेवला असतात, तर मला तेवढाच पुरला असता. तुम्ही तर पुरावाच पुसत बसलात!"

"आता निगेटिव्ह शोधतो..."

"निगेटिव्ह राहू द्या. अख्खी बाई समोर बसली आहे." त्यांनी स्टूल दिव्याखाली ओढलं. "समोर तुमचा कॅमेरा आहे असं समजा. नेहमी काढता तसा यांचा फोटो काढा बरं."

मामा गोंधळले, पण हात तयार होते. त्यांनी मामींना बसवलं, दोन बोटं हनुवटीखाली नेली, तळवा कानशिलाला लावला. मान आली, थरथरली, सरळ झाली. "हं. हलायचं नाही." ते मागे सरकून, कॅमेरा असता तिथं जाऊन उभे राहिले.

"काय दिसतं?" डॉक्टरबाईंनी मामींना विचारलं.

"झाले दोन. नेहमीसारखे."



"नेहमीसारखे म्हणजे?" डॉक्टरबाईंचा आवाज बदलला नाही, पण हातातलं पेन त्यांनी खाली ठेवलं.

"फोटो काढताना दिसतात तसे. यांनी मान धरली की दोन होतात, सोडली की एक."

"हे कधीपासून?"

"पहिल्यापासून. ओळखपत्राच्या वेळी मामंजी दोन होते आणि हेही दोन. मला वाटलं होतं, दिव्यानं होत असेल."

"आणि तू कधी बोलली नाहीस?" मामा जवळजवळ ओरडले.

मामींना त्यांच्या ओरडण्याचं नवल वाटलं. "त्यात बोलायचं काय? मला वाटायचं, फोटोला बसलं की सगळ्यांनाच दोन दिसतात. म्हणून तर तुम्ही सगळ्यांना हलू नका, हलू नका म्हणून दटावता. माझी मान हलायची, कारण मला एकच बघायचं असायचं. यंदा नवीन काय झालं, तर मान सोडली तरी दोन राहायला लागले. तेवढंच मी येऊन सांगितलं."

डॉक्टरबाई उठल्या. त्यांनी खणातून एक लांब पट्टी काढली. तिच्यावर काचेचे तिरके तुकडे ओळीनं बसवलेले होते, पातळ काचेपासून जाड काचेपर्यंत. "हे प्रिझम. यातून बघितलं की एका डोळ्याचं चित्र वर सरकतं. जाड काच, जास्त सरकतं. तुम्हाला जुळवता येईल तितकं जुळवा. दोन झाली की सांगा." त्या पट्टी मामींच्या डोळ्यासमोरून हळूहळू सरकवत गेल्या. पहिली काच, दुसरी, तिसरी. मामी गप्प. आणखी पुढे. "एकच," मामी म्हणाल्या. आणखी पुढे. "अजून एकच... अजून... हां, आता फुटलं."

डॉक्टरबाईंनी तेच तीन-चार वेळा उलटसुलट करून पाहिलं. मग खुर्चीत बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांचे खांदे सैल झाले.

"मामा, या या इथं बसा, बघा." त्यांनी मामांना स्टुलावर बसवून तीच पट्टी त्यांच्या डोळ्यासमोर धरली. दुसऱ्या-तिसऱ्या काचेलाच समोरचा दिवा फुटून दोन झाला आणि काही केल्या जुळेना. डोळ्यांत पाणी आलं. "साध्या माणसाची ताकद एवढीच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उभ्या दिशेत आपल्या डोळ्यांना फार जुळवून घेता येत नाही. यांनी जुळवलं ते याच्या कितीतरी पट आहे. एवढी ताकद महिना-दोन महिन्यांत येत नाही. जन्मभर दोन चित्रं ओढून एक करत आल्या, तेव्हा आली. दोर जन्मापासूनच ढिला आहे. गाठबीठ काही नाही. आता वयानं ओढणारे हात दमले आहेत, एवढंच."

"म्हणजे स्कॅन..."

"गरज नाही. प्रिझमचा चष्मा लिहून देते. जिना उतरताना पायरी एकच दिसेल. मान झुकवावीशी वाटली तर खुशाल झुकवू द्या."

मामी स्टुलाशेजारी उभ्या होत्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले. आठवडाभर एकदाही न रडलेल्या बाईला त्या क्षणी आवरेना. "हे आत्ता आठवतंय, शाळेत बाई डोक्यात टपली मारायच्या," त्या म्हणाल्या. "मान वेळावते म्हणून. आई म्हणायची नखरे करते, मलाही तसंच वाटायचं. आणि सासूबाईंचं ठाम मत होतं, की मला तोरा आहे."

"तोरा नव्हता, तारांबळ होती," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि चष्म्याचा नंबर लिहू लागल्या.

खाली स्कॅनच्या खिडकीवर गेले, तर तिथला माणूस कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाला, "रद्द का करताय? कारण टाकावं लागतं."

मामी पुढे झाल्या. "टाका, आजार जुना निघाला."

"काकू, जुन्या आजारालाच तर स्कॅन करतात."

"आमचं उलटं आहे. जुना आहे म्हणून सुटलो."

त्यानं एकदा वर पाहिलं, काहीतरी टाकलं आणि पुढच्याला हाक मारली.

दवाखान्याच्या फाटकाशी सिमेंटचा कट्टा होता. मामा त्यावर बसले. मामी शेजारी बसल्या. समोरून रिक्षा, सायकली, औषधांच्या पिशव्या घेतलेली माणसं जात होती. मामांनी बायकोकडे वळून पाहिलं. ती रस्त्याकडे बघत होती, डोकं डाव्या खांद्याकडे किंचित झुकलेलं, आणि ते बघताना पहिल्यांदा त्यांचा हात शिवशिवला नाही.

"खूप त्रास दिला मी तुला," ते म्हणाले. "दर वेळी दोन बघायला लावले आणि वर म्हणायचो, हस."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"तरी पण. दोन माणसं समोर, त्यात हसायचं म्हणजे..." त्यांना एकदम प्रश्न पडला. "अगं, पण तू बघायचीस कुठल्याकडे?"

मामींनी थोडा विचार केला. "वरच्याकडे. तो पक्का वाटायचा, खरा. खालचा जरा पुसट असायचा, एका अंगाला कललेला."

"आणि हसायचीस?"

"खालच्याकडे बघून," मामी म्हणाल्या. "तो बिचारा आता पडतो की काय, असं वाटायचं."